पुडी आणि बाटली

शाळेच्या वार्तापत्रासाठी पालकांनीही काही लिहावे, असे बाई गेली दोन वर्षे सांगत आहेत. लिहिण्यासारखे माझ्याजवळ काही नाही, असे म्हणून मी टाळत आलो. खरे म्हणजे एक गोष्ट होती. पण ती सांगायची तर आधी स्वतःची चूक सांगावी लागते, आणि तीही आपल्या मुलांचे वर्गमित्र वाचणार अशा ठिकाणी. यंदा मुलगीच म्हणाली, "बाबा, वाघ्याचं लिहा की." म्हणून हा प्रपंच.

वाघ्या हा आमचा कुत्रा. जात-कूळ काही नाही. मुलगी चौथीत असताना पावसात भिजत गल्लीच्या कोपऱ्यावर बसलेले पिल्लू तिने दप्तराच्या आडोशाने घरी आणले, तोच हा. वजन बारा किलो. दिसेल ते तोंडात घालून पाहायचे, ही त्याची खोड अजून गेलेली नाही.

वाघ्याची गोष्ट सांगण्याआधी थोडे मागे जावे लागेल. आमचे मूळ गाव निपाणीजवळचे. वेदगंगेच्या खोऱ्यातली काळी जमीन आणि विडीची तंबाखू हे त्या भागाचे जुने नाते. आमचे चार घास त्याच पिकावर आले. लहानपणी सुट्टीत आम्ही पोरे शेंडे खुडायला रानात जात असू. हातावर चिकट काळा थर बसे, तो साबणानेही लवकर निघत नसे. पहाटे दव पडलेले असताना पानांत शिरले, की थोड्या वेळाने डोके गरगरे, मळमळे, कधी उलटी होई. "तंबाखू लागली" असे आज्जी म्हणायची आणि सावलीला नेऊन बसवायची. पुढे कळले, की ओल्या पानातले निकोटीन कातडीतून अंगात जाते आणि हा खरोखरचा आजार आहे. तंबाखू तोंडातही घातलेली नसताना!

निकोटीन हे तंबाखूच्या झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी तयार केलेले विष आहे. पान खाणाऱ्या किड्यांना ते मारते. वाळलेल्या पानात ते साधारण एक ते तीन टक्के असते, काही जातींत त्याहून अधिक. १८२८ साली जर्मनीत पोसेल्ट आणि राइमान या दोघांनी ते पहिल्यांदा वेगळे काढले. आमच्या आज्जांना ही नावे ठाऊक नव्हती. पण विष ठाऊक होते. भाजीवर मावा पडला, की ते तंबाखूची धसकटे उकळून काढा करीत आणि फवारीत. मावा मरून जाई. त्या काढ्याच्या भांड्याला घरात प्रवेश नव्हता. ते गोठ्यामागच्या चिंचेच्या फांदीला उंच टांगलेले असे. वासरू, कुत्रे, कोंबडी, पोर, कुणाचेच तोंड पोहोचू नये म्हणून. आज्जा म्हणायचे, "विषाला जागा ठरलेली पाहिजे, आणि ती घरातल्या सगळ्यांना ठाऊक पाहिजे."

या वाक्यातला दुसरा अर्धा भाग मी विसरलो होतो.

२०२३ सालच्या दिवाळीतील पाडव्याचा दिवस. इंग्लंडमध्ये शिकत असलेला माझा भाचा सुट्टीवर आला होता आणि दोन दिवस मामाकडे राहायला होता. दुपारी जेवणे झाली, सगळे आडवे झालो. तासाभराने मुलगी धावत आली. "बाबा, वाघ्या बघा की कसं करालाय!" वाघ्या पडवीत उभा होता. तोंडातून लाळेची तार लागलेली. दोनदा उलटी झालेली. जोरजोरात धापा टाकत तो इकडून तिकडे फिरत होता आणि मागचे पाय लटपटत होते.

सणाचा दिवस. ओळखीच्या पशुवैद्य डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आमच्यासाठी दवाखाना उघडला. टेबलावर ठेवेपर्यंत वाघ्याच्या अंगाला थरथर सुटली होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय खाल्लंय ह्यानं?"

मी म्हणालो, "फराळाचं काही असेल."

हे खोटे होते. निघताना मी खुंटीवरच्या सदऱ्याचा खिसा चाचपला होता आणि माझी तंबाखूची पुडी तिथे नव्हती. मुलीच्या वाढदिवसाला मी तिला शब्द दिला होता, की तंबाखू सोडली. सोडली नव्हती, फक्त तिच्यासमोर खाणे सोडले होते. वाघ्याने पुडी ओढून नेली असणार, अशी माझी खात्री झाली होती. आणि मुलगी तर टेबलाशेजारीच त्याचे डोके धरून उभी होती.

डॉक्टर एकेक शक्यता विचारू लागले. उंदराचे औषध? फटाक्याची दारू? शिळे मटण? प्रत्येकाचा उपचार वेगळा. ते म्हणाले, "हा मुका जीव काही सांगणार नाही. तुम्ही सांगितलं तर मला दिशा मिळेल." तेवढ्यात वाघ्याला झटका आला. पाय ताठ झाले, मान मागे गेली. मुलगी किंचाळली. तेव्हा कुठे माझ्या तोंडातून निघाले, "डॉक्टर, माझी तंबाखूची पुडी सापडत नाही."

मुलीने माझ्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही. दारात उभा असलेला भाचा मात्र पुढे आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मामा, पुडी नव्हे. माझी बाटली फुटलीय. सांगायला भीती वाटली."

ती बाटली ई-सिगारेटच्या द्रवाची होती. त्याच्या बॅगेत कपड्यांखाली लपवलेली. बॅग पडवीतल्या खोलीत, चेन अर्धी उघडी. झाकण लहान मुलांना उघडू नये असे. पण कुत्रा झाकण उघडत बसत नाही, तो प्लॅस्टिकच चावून फोडतो. फरशीवर सांडलेले भाच्याने आधीच पाहिले होते, पुसलेही होते. म्हणजे वाघ्याला काय झाले हे घरात एकाला पक्के ठाऊक होते आणि दुसऱ्याला ठाऊक आहे असे वाटत होते. दोघेही गप्प होतो. त्यात वीस मिनिटे गेली.

डॉक्टरांनी बाटली किती मोठी आणि किती ताकदीची, एवढेच विचारले. दहा मिलिलिटर, प्रत्येक मिलिलिटरमध्ये वीस मिलिग्रॅम निकोटीन. त्यांनी तिथल्या तिथे हिशेब केला. कुत्र्याच्या दर किलो वजनाला एक मिलिग्रॅम निकोटीन गेले तरी त्रास सुरू होऊ शकतो. म्हणजे बारा किलोच्या वाघ्याला अर्ध्या मिलिलिटरहून थोडे अधिक पुरे. किलोमागे नऊ-दहा मिलिग्रॅम गेले, तर जीव जाण्याची वेळ. म्हणजे साडेपाच-सहा मिलिलिटर. लहान चमचाभर! त्या इवल्याशा बाटलीत दोनशे मिलिग्रॅम होते. बरेचसे फरशीवर सांडले, हेच वाघ्याचे नशीब.

या विषाला एकच एक उतारा असे इंजेक्शन नाही. झटके थांबवायचे औषध, शिरेतून सलाईन, मंद पडलेल्या ठोक्यांसाठी अॅट्रोपीन, गरज पडल्यास ऑक्सिजन, असे लक्षण बघून उपचार करावे लागतात. डॉक्टर म्हणाले, "निकोटीन लवकर चढतं आणि शरीर ते लवकर बाहेरही टाकतं. पहिले चार-पाच तास काढले तर बहुतेक वाचेल." ते तास आम्ही तिघे बाकावर बसून होतो. संध्याकाळी बाहेर पणत्या लागल्या. रात्री आठच्या सुमारास वाघ्याने मान उचलली आणि मुलीचा हात चाटला. माझी पुडी दुसऱ्या दिवशी स्कूटरच्या डिकीत सापडली.

त्या रात्री मुलगी मला एवढेच म्हणाली, "तुम्ही लगेच सांगितलं असतं तर दादानंपण लगेच सांगितलं असतं." याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

नंतर डॉक्टरांकडे जाऊन मी बऱ्याच गोष्टी विचारून घेतल्या. त्या इतरांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून देतो.

तंबाखू कडू आणि उग्र असते, म्हणून बहुतेक जनावरे तिला तोंड लावत नाहीत. गाढवसुद्धा तंबाखू खात नाही, असे आपण चेष्टेने म्हणतो. या द्रवात मात्र आंबा, स्ट्रॉबेरी, पुदिना असे वास आणि गोडसर चव घातलेली असते. कडू चवीने जी सूचना मिळायची ती नाहीशी होते. विष तेच, फक्त त्याने वेष बदललेला. कुत्र्याला तो खाऊच वाटतो.

धोका बाटलीपुरता नाही. वापरून फेकायच्या ई-सिगारेटमध्ये द्रवाबरोबर लिथियमची बॅटरी असते. ती चावली तर तोंड भाजते, गिळली तर पोटात इजा होते. मांजराच्या अंगावर द्रव सांडला, तर ती चाटून चाटून तो पोटात घालते. शिवाय कातडीतून जातो तो वेगळाच. सिगारेटची थोटके, ती विझवलेले पाणी, चघळून टाकलेली तंबाखू, गुटख्याची पुडी, हे सारे त्याच जातीचे. तंबाखू सोडण्यासाठी जे च्युइंग गम मिळते त्यातही निकोटीन असते, आणि काहींत झायलिटॉल नावाची साखर असते. माणसाला ती चालते, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर ती एकदम खाली आणते.

असे काही झालेच, तर घरच्या घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये. त्याने दुसरेच संकट ओढवते. दूध पाजण्यात वेळ घालवू नये. पोटातल्या जळजळीची, आम्लपित्ताची औषधे तर मुळीच देऊ नयेत, कारण पोटातल्या आम्लामुळे निकोटीन रक्तात सावकाश जाते. ते आम्ल कमी केले, की ते झपाट्याने जाते. हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून जनावराच्या तोंडाभोवतीचा द्रव ओल्या फडक्याने पुसावा. अंगावर सांडला असेल तर साबण-पाण्याने धुवावा. आपलेही हात धुवावेत. आणि बाटली किंवा पुडी बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा. लक्षणे पाव तासात दिसू लागतात, म्हणून "बघूया थोडा वेळ" म्हणण्याची ही जागा नव्हे. आमच्याकडे आता डॉक्टरांचा नंबर आणि वाघ्याचे वजन फ्रिजच्या दारावर लिहून ठेवले आहे.

कुणी म्हणेल, आपल्याकडे ई-सिगारेटला बंदी आहे, मग ही चर्चा कशाला? बंदी आहे हे खरे. कर्नाटकात ती २०१६ सालीच आली आणि २०१९ च्या केंद्रीय कायद्याने देशभर उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळ्यालाच मनाई झाली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. भाच्याने ती बाटली इथे आणली हीच मुळात चूक होती, आणि ती त्याला आम्ही चांगलीच समजावली. पण बंदी असलेली वस्तू घरात आली, की ती उघड्यावर राहत नाही. ती कपड्यांखाली, उशीखाली, दप्तराच्या तळाशी जाते. म्हणजे नेमकी कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर, आणि कुणाला ठाऊक नसलेल्या जागी. माझी पुडीही तशीच होती. तिच्यावर बंदी नव्हती, मीच ती चोरटी केली होती.

विद्यार्थी मित्रांनो, असली वस्तू तुमच्याजवळ नसावी, हे तर मी सांगेनच. पण कुणाजवळ असेल आणि घरातल्या मुक्या जीवाला, किंवा रांगणाऱ्या धाकट्या भावंडाला काही झाले, तर त्या क्षणी बोला. रागावतील, मारतील, बाबा अबोला धरतील, या सगळ्याला नंतर वेळ असतो. विषाला नसतो.

आणि पालकांनो, मूल असे काही सांगायला आले, तर आधी दवाखान्यात चला. रागवायचे ते परत आल्यावर. आणि मुलाला खरे बोल म्हणण्याआधी स्वतःचा खिसा एकदा तपासून पाहा. पाडव्यापासून माझी तंबाखू बंद आहे. मध्ये एकदा पाय घसरला होता. तेव्हा संध्याकाळी मी होऊन मुलीला सांगितले. ती रागावली. वाघ्या तिच्या पायाशी बसून आमच्याकडे आळीपाळीने बघत होता.