ओळ संपली कुठे?

कॉलेजात फाइल ओळीओळीने वाचणं म्हणजे सी च्या लॅबमधलं सगळ्यात सोपं प्रॅक्टिकल. २५६ चा कॅरेक्टर अ‍ॅरे घ्यायचा, लूपमध्ये एफगेट्स टाकायचं, झालं. गेल्या वर्षी ऑफिसात मी तेच फंक्शन जसंच्या तसं लिहिलं आणि तोंडावर आपटलो.

क्लायंटची फाइल होती. प्रत्येक ओळीत खातेदाराचं नाव, पत्ता आणि शेवटी जमा करायची रक्कम. टेस्टिंग इंग्रजी डेटावर केलं, सगळं पास. खरी फाइल आली आणि १७ जणांना पैसेच मिळाले नाहीत. सगळे खेड्यापाड्यातले. लॉगमध्ये एकही एरर नाही, च्यायला!

दोन रात्री घालवल्यावर उजेड पडला. एफगेट्सला २५६ आकार दिला की ते जास्तीत जास्त २५५ बाइट्स वाचतं, उरलेली जागा नल कॅरेक्टरची. आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, शिवाय प्रत्येक काना-मात्रा-वेलांटीला, ३ बाइट्स लागतात. म्हणजे ८५ चिन्हांत खेळ खल्लास. 'मु. पो. अमुक, मारुतीच्या देवळामागे, ता. तमुक' असा ऐसपैस पत्ता आला की ओळीचे दोन तुकडे. पहिल्यात रक्कम नाही, दुसऱ्यात नाव नाही. अर्धवट ओळ दिसली की गुपचूप पुढे जायचं, हे शहाणपणही माझंच.

आता फंक्शन नव्याने लिहिलंय. तुकडा वाचला की शेवटी न्यूलाइन आहे का बघायचं. नसेल तर रिअ‍ॅलॉकने जागा दुप्पट करायची आणि पुढचा तुकडा मागे जोडायचा. फाइल संपली आणि शेवटच्या ओळीला एंटर नसला, तरी ती ओळच. टाकून द्यायची नाही. पॉझिक्सच्या २००८ च्या आवृत्तीतलं गेटलाइन हेच करतं, पण आमचा सगळा संसार विंडोजवर.

तसं बघितलं तर मी एकटाच नाही. सी मधल्या जुन्या गेट्सला जागा किती आहे हे सांगायची सोयच नव्हती. १९८८ चा मॉरिस वर्म ज्या वाटांनी घुसला त्यातली ही एक. तरी प्रमाण सी मधून गेट्स जायला २०११ उजाडलं.

असो. त्या १७ जणांना पैसे मिळाले, पण आठवडाभर उशिरा. टीम लीड ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "तुझ्या आजीचा पत्ता टाकून बघितला असतास तरी कळलं असतं रे."

आता माझ्या टेस्ट फाइलची पहिली ओळ तीच आहे.