खोडलेले अडतीस

माझ्यावर दोन सेकंदांचं कर्ज आहे. घेतलं 1983 साली, रावेर तालुक्यातल्या एका शाळेत, आठवीच्या वर्गात.

आमच्या शाळेत प्रयोगशाळा नव्हती. प्रयोगाच्या सामानाचं एक कपाट तेवढं होतं. आतलं काही फुटलं तर भरून कोण देणार, म्हणून ते कधी उघडलं जात नसे. विज्ञानाला नवे सर आले, ते त्या कपाटाच्या वाटेला गेलेच नाहीत. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत पतंगाचा दोरा, ट्रॅक्टरचे जुने नट, सायकलच्या व्हॉल्वट्यूबचे तुकडे आणि रिकाम्या काड्यापेट्या असायच्या. गावात त्यांना गमतीनं भंगारवाले सर म्हणत.

एका मे महिन्याच्या सुट्टीत सर भुसावळ-इटारसीच्या गाडीनं होशंगाबादला जाऊन आले होते. तिथं 1972 साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा शाळांमध्ये प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात केली होती. मुलांनी चार-चारच्या टोळ्या करून बसायचं, स्वतः करून बघायचं, दिसेल ते लिहायचं. परीक्षेलाही पुस्तक उघडं ठेवायला परवानगी. कारण 'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पुस्तकात उत्तरं नव्हतीच, होते ते प्रश्न आणि काय करून बघायचं याच्या सूचना. आमचा अभ्यासक्रम वेगळा होता. सरांनी तिथून आणली ती रीत.

त्या दिवशी लंबकाचा प्रयोग होता. खिडकीच्या गजाला दोरा बांधायचा, खाली नट. लांबी बरोबर एक मीटर, आणि तीही गाठीपर्यंत नाही, नटच्या मध्यापर्यंत मोजायची. नट जरासाच बाजूला ओढून सोडायचा आणि वीस झोक्यांना किती सेकंद लागतात ते लिहायचं. घड्याळ एकच, सरांचं चावीचं एचएमटी. ते टोळीटोळीतून फिरत होतं.

बाकीच्यांकडून ऐकू येत होतं, चाळीस, चाळीस, एक्केचाळीस. आमचे आले अडतीस. मी इकडंतिकडं बघितलं, रबराला थुंकी लावली, अडतीस घासून काढले आणि वर चाळीस लिहिले. ओला कागद काळवंडला, एका जागी फाटलाही.

सर घड्याळ घ्यायला आले. काळ्या डागावर बोट ठेवून म्हणाले, "इथं आधी काय होतं रे?"

"अडतीस, सर."

"मग ते गेले कुठं?"

मला वाटलं, आता छडी. सरांनी आख्खा वर्ग खिडकीशी गोळा केला आणि आम्हाला पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा अडतीसच! तिसऱ्यांदा नट सोडला तेव्हा मागून एक मुलगी ओरडली, "सर, हा सोडतानाच 'एक' म्हणतोय!"

खरंच की. सोडताना म्हणायचं 'शून्य'. नट जाऊन परत आला की 'एक'. आमचा मोजणारा 'वीस' म्हणत होता तेव्हा झोके एकोणीसच झालेले असत. एका झोक्याला दोन सेकंद, म्हणजे अडतीस. घड्याळ बरोबर, आकडाही बरोबर. आमचं फक्त मोजणं चुकलं होतं.

सरांनी माझी पेन्सिल घेतली. डागाशेजारी पुन्हा 38 लिहिलं, त्यावर एक आडवी रेघ मारली आणि पुढं 40 लिहिलं. म्हणाले, "चुकलेलं वाचता आलं पाहिजे. खोडून टाकलंस तर ते का चुकलं हे शोधणार कशात?"

पुढच्या तासाला दोरा निम्मा केला. आता वीस सेकंद येणार यावर सगळ्यांची पैज. आले अठ्ठावीस! कुणीही खोडलं नाही. वीस यायला दोरा पाव मीटर करावा लागला. लांबी चौपट तर वेळ दुप्पट, हा नियम फळ्यावर येण्याआधी आमच्या वह्यांत आला होता. नटऐवजी जड दगड बांधला, तरी आकडा हलला नाही.

नंतर मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलो. तिथं नियमच होता: नोंदवहीतला आकडा खोडायचा नाही, एका रेघेनं काटायचा आणि शेजारी सही करायची. एकदा केळीच्या काळ्या रानातल्या मातीचा सामू 7.2 आला, पुन्हा मोजल्यावर 8.1. काटलेले 7.2 वाचता येत होते, म्हणूनच पुढं मागचे दिवस ताडून पाहता आले आणि मीटर जुळवायचं द्रावण शिळं झाल्याचं सापडलं. गणितात उणे संख्येला ऋण म्हणतात, आणि तिची खूणही आडवी रेघच. वहीत ती मारताना सर हमखास आठवत.

पण या कर्जाचा एक हप्ता मी बुडवला होता. कॉलेजात लंबकावरूनच गुरुत्वीय त्वरण काढायचं होतं. उत्तर 9.8 यायला हवं हे सगळ्यांना ठाऊक. माझं येत नव्हतं, तास संपत आला होता. मी 9.8 वरून उलटं गणित करून सेकंद लिहून टाकले. जर्नलवर सही झाली, गुणही मिळाले.

होशंगाबादचा तो कार्यक्रम 2002 साली बंद झाला. त्यानंतर कधीतरी, निवृत्त झालेल्या सरांच्या ओट्यावर चहा घेताना मी हे कबूल केलं. वाटलं, रागावतील, नाहीतर हसून सोडून देतील. सरांनी कप खाली ठेवला आणि आठवीच्या वर्गात विचारलं होतं त्याच आवाजात विचारलं, "मग तुझं खरं उत्तर किती येत होतं?"

मी पुष्कळ आठवून पाहिलं. ते मी कुठं लिहूनच ठेवलं नव्हतं.