तंतु आणि पट

तर्कशास्त्राच्या आरंभींच्या पाठांत कारणाचे तीन प्रकार सांगतात व त्यांस उदाहरण देतात तें पटाचें, म्हणजे वस्त्राचें. तंतु हें पटाचें समवायी कारण, तंतूंचा संयोग हें असमवायी कारण, आणि विणकर व त्याचा माग हें निमित्त कारण. या तिहींपैकीं एक जरी उणें असलें तरी वस्त्र सिद्ध होत नाहीं. विद्यार्थिदशेंत हें आम्हीं नुसतें घोकलें. परंतु खेड्यापाड्यांत इंटरनेट नेण्यासाठीं सरकारनें प्रकाशतंतूंचें जें जाळें विणावयास घेतलें आहे, त्याचा विचार करतांना तो पाठ आम्हांस वारंवार आठवतो.

हे तंतु कांचेचे असतात, केसासारखे बारीक. तांब्याच्या तारेंतून विजेचा प्रवाह वाहतो, यांतून प्रकाशाचे स्पंद धांवतात. आणि सबंध गांवाची शाळा, बँक, दवाखाना व पत्रव्यवहार एकाच वेळीं वाहून नेण्याची शक्ति त्यांत असते. 2011 च्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें देशांतील सुमारें अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत असा तंतु नेण्याची योजना मंजूर केली. जिल्ह्यापासून तालुक्यापर्यंत सरकारी कंपन्यांचे तंतु बहुतेक ठिकाणीं होतेच. तालुक्यापासून पंचायतीपर्यंतचा तुटका दुवा सांधावयाचा होता. तें काम दोन वर्षांत उरकावें असा संकल्प होता. 2015 सालीं योजनेस ‘भारतनेट’ हें नांव मिळालें. पहिल्या एक लाख पंचायतींचा टप्पा गांठण्यास 2017 चा डिसेंबर उजाडला. आणि ऑगस्ट 2023 मध्यें 1,39,579 कोटि रुपयांची सुधारलेली योजना मंजूर झाली. हा पैसा दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नावरील आकारणीच्या निधींतून येतो. म्हणजे मोबाइलचे पैसे भरणारा प्रत्येक जण, आमच्या वाचकांसुद्धां, या कार्यास आपली पै देतच आहे. आणि जो पै देतो त्यास हिशेब विचारण्याचा अधिकार असतो.

आमचें गडमुडशिंगी करवीर तालुक्यांत कोल्हापुरास अगदीं लागून आहे. जवळच गांधीनगरची कापडपेठ, उजळाईवाडीचा विमानतळ आणि गोकुळ शिरगांवची औद्योगिक वसाहत. जेथें गिऱ्हाईक आहे तेथें व्यापारी न बोलावतां येतो. आमच्या घरीं तार खासगी माणसानें आणून दिली. सूनबाई माडीवर बसून पुण्याच्या कचेरीचें काम करतात आणि धाकटा नातू खालीं माजघरांत गणिताचे धडे पाहतो. तेव्हां या राष्ट्रीय जाळ्याचें एवढें अगत्य कशाला, असा प्रश्न आमच्यासारख्या घरांत सहज निघतो. त्याचें उत्तर आमच्या गांवांत मिळत नाहीं. तें आमच्याच जिल्ह्याच्या पश्चिम अंगास, डोंगरांत गेलें म्हणजे मिळतें.

गगनबावड्याच्या बाजूस आमचे एक स्नेही राहतात. आमच्याप्रमाणेंच निवृत्त शिक्षक, घरांत तीन पिढ्या. 2020 च्या मार्चांत शाळा बंद झाल्या आणि शिकवणें मोबाइलवर आलें, तेव्हां त्या घरांत कामाचा मोबाइल एक आणि शिकणारीं मुलें तीन. त्यांतून रेंज मिळे ती घरामागच्या टेकाडावर. रोज सकाळीं तेथें कोणी जावयाचें याची वांटणी झाली, आणि ती जशी होत आली आहे तशीच झाली: थोरला नातू वर गेला, नववींतली नात चुलीपाशीं राहिली. कोणी तिला शिकूं नको असें म्हटलें नाहीं. स्नेही मनानें उदार. मुलींच्या शिक्षणासाठीं त्यांनीं जन्मभर दारोदार फिरून पालकांस समजाविलें. पण जी वस्तु अपुरी असते तिची वांटणी करावी लागते, आणि वांटणींत दुबळा मागें पडतो. पुढें ती मुलगी दहावी झाली. विज्ञानशाखेकडे जाण्याचा तिचा मनोरथ मात्र मनांतच राहिला. ज्या कोल्हापूर संस्थानांत शाहू महाराजांनीं 1917 सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें आणि मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला, त्याच भूमींत शंभर वर्षांनंतर एक मुलगी रेंज नाहीं म्हणून मागें पडावी, हें आम्हांस लागून राहिलें आहे.

पुढें त्या गांवच्या पंचायतींत तंतु आला. भिंतीवर यंत्राची पेटी बसली. तंतु झाला, संयोगहि झाला. पण पेटी विजेवर चालते, डोंगरांत पावसाळ्यांत वीज तासन्‌तास जाते, आणि पेटीची बॅटरी निकामी झाल्यावर ती बदलण्याचें काम कोणाचें, हें कोणास ठाऊक नव्हतें. पंचायतीपासून शाळेपर्यंतचीं दोनशें पावलें तार गेलीच नाहीं. आम्हां निवृत्तांस दर वर्षीं नोव्हेंबरांत हयातीचा दाखला द्यावा लागतो. 2014 पासून तो बोटाच्या ठशावर इंटरनेटवरून देतां येतो. त्यासाठीं आमच्या स्नेह्यांस एस्‌.टी. धरून तालुक्यास जावें लागलें. परत आल्यावर आम्हांस म्हणाले, “गुरुजी, मी जिवंत आहें हें सांगायला जाऊन जीव जायची वेळ आली!” आम्ही हंसलों, पण तें हंसूं फार वेळ टिकलें नाहीं.

निमित्त कारण म्हणतात तें हेंच. विणकर नसेल तर सुताचीं भिंडोळीं पडून राहतात. याचा अनुभव आपल्या जिल्ह्यानें पूर्वींहि घेतला आहे. 1998 सालीं वारणा खोऱ्यांतील सुमारें 70 गांवांत सरकार व वारणेच्या सहकारी संस्था यांनीं मिळून संगणक-केंद्रें उघडण्याचा प्रकल्प हातीं घेतला. तो काळ पाहतां हें धाडस मोठें होतें. परंतु पुढें अभ्यासकांनीं पाहणी केली तेव्हां शेतकरी त्या केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाचें वजन व बिल कळण्यापुरता करीत असल्याचें दिसलें. आणि तेवढें काम साध्या मोबाइलच्या संदेशानेंहि भागतें, हें 2007 च्या सुमारास 7 गांवांतील प्रयोगानें दाखविलें. यंत्र आलें म्हणजे उपयोग आपोआप येत नाहीं. गांवास काय हवें आहे हें आधीं विचारावें लागतें.

सुधारलेल्या योजनेंत दोन गोष्टी आम्हांस शहाणपणाच्या वाटतात. पहिली, तंतु आतां सरळ रेषेंत न टाकतां कड्याच्या आकारांत टाकावयाचा आहे. याचें मर्म कोल्हापूरकरांस सांगावयास नको. ऑगस्ट 2019 च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलें आणि पुण्याची वाट कित्येक दिवस बंद राहिली. जुलै 2021 मध्यें पुन्हां तेंच झालें. ज्या गांवास वाट एकच, तें एका ओढ्याच्या पुरानें जगापासून तुटतें. दोन वाटा असल्या तर एक बुडाली तरी दुसरी राहते. कड्याचें तत्त्व हेंच. दुसरी गोष्ट, जाळें टाकणाऱ्यावरच दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारी ठेविली आहे, म्हणजे विणकरहि करारांत आला. मात्र करार कागदावर असतो. तो अमलांत येतो कीं नाहीं हें पाहण्यास गांवांत कोणी तरी जागें असावें लागतें.

तें काम आमच्यासारख्या सुशिक्षित घरांचें आहे. अनेक वडीलधारीं माणसें म्हणतील कीं, या इंटरनेटनें मुलें बिघडतात. तें नसलें तर बरेंच. मुलें काय पाहतात याकडे घरानें लक्ष ठेवावें हें खरें. पण आपल्या नातवाच्या हातांत मोबाइल ठेवून दुसऱ्याच्या नातीस विरक्तीचा उपदेश करणें आम्हांस शोभत नाहीं. आपल्या राज्यांत 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट व 2 ऑक्टोबर या दिवशीं ग्रामसभा भरते. तेथें बहुधा रस्ते व गटारें यांचाच वाद होतो. ज्यांचें मूळ गांव डोंगरांत आहे, ज्यांचे भाऊबंद अजून तेथें नांदतात, त्यांनीं पुढच्या ग्रामसभेस जावें आणि सरपंचांस चार प्रश्न नम्रपणें विचारावे: पेटी चालू आहे काय? बॅटरी कोण बदलतो? शाळेपर्यंत तार गेली काय? आरोग्य-उपकेंद्रापर्यंत गेली काय? आणि उत्तर इतिवृत्तांत लिहून घेतल्यावांचून उठूं नये.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं हेंच सुचविलें. येत्या सभेस ते स्वतः जाणार आहेत. आणि प्रश्नांचा कागद त्यांच्या नातीनें आपल्या हातानें लिहून दिला आहे.