पाणी मारायची वेळ

नागपूरला मे महिन्यात संध्याकाळी खेळायला कधी सुटायचं, हे घड्याळ ठरवत नसे. आजी अंगणात पाणी मारायची, आणि त्यानंतर आमची सुटका व्हायची. सकाळचं क्रिकेट साडेआठला संपे. मग दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, वाळ्याची ताटी भिजवायची आणि अंधाऱ्या खोलीत मेंढीकोट नाहीतर अष्टाचंगा मांडायचा. अष्टाचंग्यात माझा चुलतभाऊ कवड्या हळूच बोटाने उलटवायचा. त्यामुळे दुपारचा निम्मा वेळ भांडणात जाई, आणि उरलेला आंब्याच्या कोयी चोखण्यात.

ऊन समोरच्या भिंतीवर चढायला लागलं की आजी उठायची. हौदातून बादली भरायची, हातात तांब्या. पहिलं पाणी पडलं की फरशीतून चुर्र आवाज यायचा आणि खालून गरम वाफ तोंडावर येई. आम्ही उंबऱ्यावर ओळीने उभे. "काहून घाई करता? वाफ जाऊ द्या आधी," ती म्हणायची. दुसरी बादली रिकामी झाली की हवा पालटलेली स्पष्ट कळे. मग डबा ऐसपैस, लंगडी, आणि रात्री त्याच अंगणात खाटा.

तेव्हा आम्हाला वाटे, पाणी मारतात ते धूळ बसावी म्हणून. पुढे कॉलेजात वाफेची उष्णता शिकले आणि आजीची बादली नव्याने दिसली. लिटरभर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता ओढली जाते, तेवढ्यात नळाचं सात-आठ लिटर पाणी उकळीला आणता येईल. हे सगळं काम हवा कोरडी असेल तरच झपाट्याने होतं, आणि नागपूरच्या वैशाखाइतकी कोरडी हवा आणखी कुठे शोधायची? दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. माठ, वाळ्याची ताटी, खाटेवर पसरलेली ओली चादर, खिडकीत घरघरणारा कूलर, सगळ्यांचं भांडवल हेच. झाडाचं पानही याच हिशेबाने जगतं. स्वतःतलं पाणी हवेला देऊन ते स्वतःला थंड ठेवतं.

हौदाजवळ मोगरा होता. थंडीत आजी त्याचं पाणी तोडायची, पानं ओरबाडून काढायची, फांद्या छाटायची. मला ते क्रूर वाटे. पण आमच्याकडे संत्र्याच्या आंबिया बहाराला शेतकरी असाच ताण देतात. थंडीत पाणी तोडतात, मग खत-पाणी देऊन ताण मोडला की झाड फुलावर येतं. आजीचा मोगराही थंडी सरताना शेणखत आणि पाणी मिळालं की तरारून फुटायचा. संध्याकाळी तोडलेल्या टपोऱ्या कळ्या माठात टाकल्या की रात्री उमलत आणि पाण्याला वास लागे. आसपासचं सगळं करपत असताना हे झुडूप ऐन भट्टीत फुलतं, याचं मला अजून नवल आहे.

लग्नानंतर डोंबिवलीला गेले. खिडकीच्या ग्रिलमध्ये चार कुंड्या, त्यातली एक अर्थातच मोगऱ्याची. सवयीने संध्याकाळी कुंड्यांवर, ग्रिलवर, गॅलरीच्या लाद्यांवर पाणी शिंपडलं. गारवा आला नाही, खालच्या मजल्यावरच्या वहिनी मात्र वर आल्या. त्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर थेंब पडले होते. बाबांनी हौसेने ट्रान्सपोर्टने पाठवलेल्या कूलरने तर खोलीचं मोदकपात्र केलं. शेवटी त्यावर चपला ठेवायला लागलो. पारा ३४-३५ वर असायचा, नागपूरकराने हसावं असा. पण हवेतच पाणी भरलेलं, तिथे घाम वाळणार कुठून? एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावर भर दुपारी झालेल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं गेली, तेव्हाही पारा चाळिशीच्या आत होता. किनाऱ्यावरच्या उन्हाला आकड्यावरून जोखू नये. तिथे संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला तर फिरायला जायचं, नाहीतर पंख्याखाली बसायचं.

२३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ वर गेला, ते बाबांनी मला फोन करून सांगितलं होतं. आवाजात चक्क अभिमान.

आता परत नागपुरात आहे. अंगण गेलं, वर गच्ची आहे, आणि गच्चीवर माझी बाग. उन्हाळ्यात टोमॅटोकडून काही मागू नये. पारा ३५ च्या पुढे आणि रात्रीही गरम राहिल्या की परागकण निकामी होतात, फुलं गळतात. दोडका, गवार मात्र तग धरतात. जास्वंद दुपारी माना टाकते, म्हणून नवशिके धावत पाणी घालतात. माती आत ओली असेल तर हे करू नये. पानं पाणी उडवतात त्या वेगाने मुळांना ते वर पोचवता येत नाही, एवढंच. ऊन उतरलं की झाड आपोआप सावरतं. उगाच घातलेल्या पाण्याने मात्र मुळं कुजतात. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या मी कधीच काढून टाकल्या, त्यात मुळं शिजतात.

कूलरच्या टाकीत उरलेलं पाणीही झाडांना नको. वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात आणि दिवसेंदिवस वाढत जातात. पानांच्या कडा त्यानेच जळतात. उलट एसीच्या नळीतून टपकणारं पाणी हवेतलंच, त्यात क्षार जवळजवळ नसतात. एसी मला आवडत नाही, त्याचं पाणी मात्र शेजाऱ्यांकडूनसुद्धा मागून आणते.

आजीसारखं नुसत्या जमिनीवर मी पाणी मारत नाही. बोअर आटायला आलेली असताना सिमेंटवर बादल्या ओतणं मनाला पटत नाही, आणि स्लॅब दिवसभर इतकं ऊन पितो की दोन बादल्यांनी त्याचं काही होत नाही. नवतप्यात तो मध्यरात्रीही कोमट लागतो. गच्चीवर झोपणं त्यामुळेच सुटलं असावं. डासांचं नाव उगाच पुढे करतात. मी कुंड्याच दाटीने मांडल्या, वर हिरवी जाळी बांधली. पाणी झाडांना जातं, सावली स्लॅबला, आणि खालची खोली थोडी तरी निवते.

पलीकडच्या प्लॉटवर आता टर्फ झालं आहे. भाचा आणि त्याचे मित्र तिथे रात्री नऊनंतर, लाइटच्या उजेडात क्रिकेट खेळतात. दिवसा ते प्लास्टिकचं गवत इतकं तापतं की पाय ठेववत नाही, म्हणून खेळ सुरू व्हायच्या आधी एक पोरगा पाइपने त्यावर पाणी मारतो. टँकरचं पाणी. मला हे पाहून राग येतो, आणि भाच्याला मी ते सांगितलंही. तो म्हणाला, "मग मावशी, खेळायचं कुठे?" उत्तर नव्हतं. सकाळी सहाला मैदानावर जा म्हटलं, तर मैदानावर पार्किंग झालंय म्हणाला.