स्टेपनीचे वय

ॲरिझोनात थोरल्या बंधूंच्या मोटरहोमचे टायर बदलावयास आम्ही सोबत गेलो. टायर झिजलेले नव्हते. खर्च आम्हांस अनाठायी वाटला. दुकानदाराने कडेवरचे २३१४ हे आकडे दाखवले: २०१४ सालचा तेविसावा आठवडा. उभ्या गाडीचेही रबर उन्हाने, ओझोनने तडकते. मागची जोडचाके धरून सहा टायर, वजनक्षमता पाहून, ठरले. स्टेपनी कधी रस्त्याला लागलीच नव्हती. तिच्यावरही तेच आकडे निघाले. वेल्समधील स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ साली निघालेल्या जादा चाकाचे हे नाव मराठीत रुजले, असे आम्ही वर्गात कौतुकाने सांगतो. बंधूंनी सारा प्रवास निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवला होता. वहिनी आता नाहीत. “सातवाही नवाच द्या,” बंधू म्हणाले.