साचे कोण बघतंय?

गोधडीला अस्तर हवं म्हणून मांजरपाट घ्यायला गेले होते. काउंटरवरच्या मुलीने ठाण फटकन उलगडलं आणि खळीचा वास आला. कोऱ्या सुताचा, किंचित आंबूस. गिरणीतली पहिली पाळी संपवून माझे वडील, आबा, घरी यायचे तेव्हा हाच वास त्यांच्या आधी खोलीत शिरायचा. भुवयांवर कापसाची लव, सदऱ्यावर तुटके धागे आणि हा वास.

मुलगी मीटर लावून मोजत होती. मोजता मोजता तिने उजवा पाय चपलेतून काढला, डाव्या पोटरीवर घासला आणि पुन्हा चपलेत सरकवला. मागे स्टूल दिसेना. विचारलं, तर हळू आवाजात म्हणाली, "बसलेलं शेठना चालत नाही, मावशी. गिऱ्हाईक नसलं तरी."

पिशवी घेऊन बाहेर पडले, पण तो पाय काही डोळ्यांपुढून हलेना.

आबा परळच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांचा डबा गेटवर पोचवायचं काम माझ्याकडे असे. ते भराभर जेवायचे आणि उरलेली दहाएक मिनिटं भिंतीला टेकून, डोळे मिटून बसायचे. मला तर केवढं सांगायचं असायचं! मी तोंड उघडलं की ते ओठांवर बोट ठेवत आणि दुसरा हात माझ्यापुढे पसरत. मी त्या हातात हात ठेवून गप्प बसायची. खात्यात शेकडो साचे एकदम खडखडत. माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलायची. आबांच्या पायांपेक्षा कानांना त्या दहा मिनिटांची गरज जास्त होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

वेळ संपायच्या आधीच ते उठायचे. मी म्हणायची, थांबा की अजून. त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "शेजारचा माझं साचं बगतोय. त्याचा डबा व्हायचाय अजून."

विणकराचा पगार कापडावर. साचा थांबला की पैसा थांबला. त्यामुळे एक जेवायला गेला की शेजारचा आपले आणि त्याचे असे दोघांचे साचे सांभाळायचा. धोट्यातली कांडी संपली की बदलायची, धागा तुटला की जोडायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचं. आबांची ती मिटल्या डोळ्यांची दहा मिनिटं शेजारच्याच्या पायांवर उभी होती.

हल्ली जिथे तिथे सल्ला मिळतो, दिवसातून पाच मिनिटं स्वतःसाठी काढा. खोल श्वास घ्या, चहा सावकाश प्या. मला या सल्ल्याचा राग येतो. चहा सावकाश पिऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण त्या पाच मिनिटांत साचे कोण बघतंय, हे कोणीच विचारत नाही. काउंटरवरच्या त्या मुलीने पाच मिनिटं कुठून काढायची?

गिरणी कामगारांचे जुने पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी हा प्रश्न कधीच एकट्या माणसावर ढकलला नाही. १८८४ साली त्यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरवली आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार ठरल्या तारखेला, जायबंदी झालेल्याला भरपाई. रविवार खंडोबाचा, हेही त्यांनी मांडलं. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत दहा हजारांची सभा झाली. तिथे दोन गिरणीकामगार बायका उठून बोलल्या. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली आणि दुपारचा अर्धा तास १८९१ च्या कारखाना कायद्यात आला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यातही तो होता, सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये निदान अर्धा तास सुट्टी. उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसता यावं अशी सोय ठेवण्याचं कलमही त्यातच होतं. पण ते कारखान्याला. कापडदुकानांतल्या बायकांना बसायचा हक्क मिळावा म्हणून केरळात कोळिकोडच्या बायका कितीतरी वर्षं भांडल्या, तेव्हा तिथला कायदा २०१८ मध्ये बदलला. तीन वर्षांनी तमिळनाडूने तोच रस्ता धरला. स्टुलासाठी कायदा लागावा, याने जीव तुटतो. पण लागतो.

मी बँकेत कॅशवर होते. बँकवाल्यांच्या जेवणाच्या सुट्टीवर लोकांनी आयुष्यभर विनोद केले. ते मला कधी हसून सोडता आले नाहीत. सकाळपासून दुसऱ्याचे पैसे मोजायचे. शंभरात एक नोट कमी निघाली तर आपल्या पगारातून भरायची. दुपारपर्यंत अंगठ्याची कातडी गुळगुळीत होते आणि आकडे डोळ्यांपुढे तरंगायला लागतात. त्या अर्ध्या तासाने माझा हिशोबही बरोबर राहिला आणि लोकांचाही.

नोटाबंदीच्या त्या नोव्हेंबरात, २०१६ मध्ये, तो अर्धा तासही गेला. रांग दारातून बाहेर, पार रस्त्यावर. एका दुपारी माझा हात थरथरायला लागला, गड्डी नीट धरता येईना. रांगेतले एक आजोबा मागे वळून मोठ्याने म्हणाले, "बाईंना पाणी पिऊ द्या रे. आपण थांबू." आणि एवढी वैतागलेली, उन्हात तापलेली रांग थांबली. कोणी चकार शब्द काढला नाही. आबांच्या शेजाऱ्याने साचे धरले होते, तशी त्या माणसांनी माझ्यासाठी रांग धरली.

उलटही पाहिलंय. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आबांना सगळा दिवस मोकळा मिळाला. ते गॅलरीत बसून असत, पण डोळे मिटून बसलेले मला कधी दिसले नाहीत. गिरणी पुन्हा त्यांच्या वाट्याला आलीच नाही. काम हिसकावून घेतल्यावर उरतो त्या वेळात माणसाला टेकता येत नाही.

आबांविषयी मी कितीही बोलेन. आईविषयी बोलायला बसले की शब्द अडतात. आमच्याच खोलीत ती खाणावळ चालवायची. गावाकडची एकटी माणसं आमच्याकडे जेवत, कोणी पहिल्या पाळीचं, कोणी रात्रपाळीचं. म्हणजे तीन पाळ्यांचा स्वयंपाक एकाच बाईच्या स्टोव्हवर. नळाला पाणी पहाटे. भोंगा व्हायचा तो जेवणाऱ्यांसाठी, तिच्यासाठी कुठलाच नाही. लोखंड्यांच्या अर्जात तिची चूल नव्हती आणि आजच्या कुठल्या कायद्यातही नाही. दुपारी कधीतरी शेजारच्या काकू येऊन म्हणायच्या, "सर गं, भाकऱ्या मी थापते." आई उंबऱ्यापाशी जाऊन पाय पसरून बसायची, पदराने मान पुसायची. तिला बसलेलं मी पाहिलं ते फक्त काकू परातीशी असताना.

आमच्या मजल्यावर एक सून आहे. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, कूस बदलण्यापासून सगळं तिच्या हाताने. निवृत्त झाल्यावर मी चार वाजता तिच्याकडे जाऊन बसायला लागले. सुरुवातीला ती घाईघाईने पिशवी घेऊन भाजीला पळायची. एके दिवशी मी पिशवी हातातून काढून घेतली. म्हटलं, भाजी मी आणते, सासूबाईंकडेही मी बघते, तू नुसती जा. ती दारात अवघडून उभी राहिली. काहीच काम नसताना घराबाहेर पडायचं कसं, हेच तिला उमगेना. आता जाते. कधी गच्चीवर, कधी बागेत.

मग तिनेच एकदा विचारलं, "आणि काकू, तुम्ही कधी?" तेव्हापासून गुरुवारी माझा नातू तिच्या घरी चित्रं रंगवत बसतो आणि मी तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसते. पुस्तक नेत नाही, फोन नेत नाही. ओळखीचं कोणी भेटलं आणि काय करताय म्हणून विचारलं, तर काही नाही म्हणून सांगते, अगदी मोठ्याने.