लोहचुंबक घेऊन गाडी पाहायला!

दोस्तांनो, जुनी बंद पडलेली मोटार घरी आणायची आणि स्वतःच्या हातांनी चालती करायची, हा छंद तुम्ही ऐकलाय? मी राहतो अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, मोटारींचं माहेर असलेल्या डेट्रॉईटजवळ. इथे हा छंद बऱ्याच जणांना असतो. आमच्या सोळा वर्षांच्या लेकीनंही फर्मान काढलं, "बाबा, आपणही करूया!"

पण गाडी कोणती? आम्ही ठरवलं, 'कॉम्पॅक्ट' घ्यायची. १९५० च्या दशकात अमेरिकन गाड्या लांबच लांब होत गेल्या, तेव्हा लोक फोक्सवॅगनसारख्या छोट्या परदेशी गाड्यांकडे वळू लागले. त्याला उत्तर म्हणून १९६० च्या मॉडेलसाठी फोर्डनं फाल्कन, शेव्हर्लेनं कॉर्व्हेअर आणि क्रायस्लरनं व्हॅलियंट आणली. नंतरची डॉज डार्ट व्हॅलियंटचीच बहीण. लांबी सुमारे पाच मीटर! आपली मारुती ८०० होती जेमतेम ३.३ मीटर. पण अमेरिकेत डार्टला 'छोटी' म्हणत बरं का!

नवशिक्याला या गाड्या सोप्या. कॉम्प्युटर नाही, बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं. डार्टचं सहा सिलिंडरांचं 'स्लँट सिक्स' इंजिन ३० अंशांत कललेलं असतं, म्हणून बॉनेट बुटकं ठेवता आलं. इंजिन साधं, पण भलतंच दणकट!

शेवटी दोन गाड्या उरल्या. एक १९६४ ची, लालचुटूक, चकचकीत. दुसरी १९६८ ची डार्ट, रंग उडालेली, सीट फाटलेली. लेक अर्थातच लाल गाडीवर फिदा! पैसे तिचे होते, दोन उन्हाळे शेजाऱ्यांचं गवत कापून साठवलेले. मी फक्त तिच्या हातात एक लोहचुंबक दिलं.

चुंबक पत्र्याला चिकटतं, पुट्टीला नाही. लाल गाडीच्या दाराखाली ते टपकन खाली पडलं. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, ते पत्रा खाऊन टाकतं. आणि या गाड्यांना वेगळी चासी नसते. बॉडी हाच सांगाडा. तोच गंजला तर रंगाचा काय उपयोग?

आणखी एक गोष्ट. १९६४ च्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत ब्रेकची यंत्रणा एकेरी असे. एक नळी गळली की चारही ब्रेक गेले! १९६७ पासून ती दुहेरी झाली. एक बाजू गेली तरी दुसरी उरते.

लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "डार्टच घेऊ."

आज डार्ट आमच्या गॅरेजमध्ये स्टँडवर उभी आहे. इंजिनाला अजून हात लावलेला नाही, आधी ब्रेक. कारण गाडी सुरू झाली नाही, तर ती घरीच राहते. पण थांबली नाही तर?

तुम्हीही जुनी सायकल घ्यायला जाल, तेव्हा रंग शेवटी बघा. आधी ती उलटी करा, ब्रेक दाबा, वेल्डिंगचे जोड तपासा. आणि खिशात एक लोहचुंबक असू द्या!